मोहरील काका आणि पुढची दोन चाकं

मोहरील काकांवर मी जितकी चिडले तितकी आयुष्यात कोणावर चिडले नसेन. माझ्या नवऱ्यावरसुद्धा नाही, आणि तो गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवून घरभर शोधणारा माणूस आहे. काका आता नाहीत. पण त्यांची आठवण आली की आधी राग येतो, मग बाकीचं. तेव्हा रागापासूनच सुरुवात करते.

हिंदी मुलखातल्या आमच्या विजय नगरात आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लावून. काका सैन्याचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात होते, तपासणी खात्यात. जन्मभर त्यांनी एकच काम केलं: दुसऱ्यांनी बनवलेल्या ट्रकात खोट काढायची आणि त्याला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी बांधायची त्यांची एक खास गाठ होती. दोरा दोनदा फिरवायचा, स्वतःच्याच खालून काढायचा आणि दातात धरून खेचायचा. ती गाठ सुटत नसे, कापावीच लागे. "नाहीतर रात्रपाळीवाले चिठ्ठी काढून ट्रक पुढे ढकलून देत," असं ते सांगत.

आता माणूस रिटायर झाला की खोडी सुटावी की नाही? छे! आमच्या वास्तुशांतीला आले, पेढा हातात घेतला, आणि तो खायच्या आधी दार दोनदा उघडून लावून पाहिलं. म्हणाले, "खालची बिजागरी उलटी बसवली आहे." भर पाहुण्यांत! कॉलनीच्या गणपतीची मूर्ती आली तेव्हा सगळे मोरया म्हणून राहिले होते आणि काका टेम्पोच्या मागे वाकून पाट हलवून बघत होते. "डुगडुगून राहिला आहे. आरती मागून, आधी पाचर लावा." पाचर लावली तेव्हाच देव मांडवात गेले. आणि कौतुक? ते त्यांच्या तोंडात नव्हतंच. मोहरील काकूंनी केलेल्या पुरणपोळीला त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "हरकत नाही."

बरं, खोट काढली तर दुरुस्त तरी करावी! ते नाही. पान्याला हात लावायचा नाही ही त्यांची शपथच होती. "जो दुरुस्त करतो त्यानं पास करायचं नसतं, आणि जो पास करतो त्यानं पाना धरायचा नसतो. नाहीतर माणूस स्वतःच्या कामाला फेल करत नाही." काकूंचा मिक्सर पाऊसभर बंद पडून होता. मोटरमधला कोळसा झिजला आहे हे काकांनी पहिल्याच दिवशी शोधलं, काकूंना समजावून सांगितलं आणि पेपर वाचायला बसले. काकू मला म्हणाल्या, "निदान झालं नं, आता चटणी त्या निदानाचीच वाटते मी!" शेवटी त्या पाट्यावर वाटत राहिल्या आणि काका ती चटणी हरकत नाही म्हणून खात राहिले.

या माणसाच्या हाती माझी गाडी पडली, ती मावठ्याच्या दिवसांत.

मी बायकांची डॉक्टर. शहरातल्या दवाखान्यात नोकरी, आणि आठवड्यातून एक दिवस महाराजपूरच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत, सरईटोला नावाच्या वस्तीवर तपासायला जायची. वस्तीच्या आधी एक नाला आहे. पाणी गुडघ्याइतकंही नसतं, पण दोन्ही काठ काळ्या मातीचे. ती माती भिजली की बैलसुद्धा विचार करतो. रुग्णवाहिका नाल्याच्या अलीकडे थांबते आणि पेशंटला खाटेवर घालून आणा म्हणते. म्हणून मी ही जुनी, जाड्या अंगाची गाडी घेतली होती. हिच्यात एक गोल बटण आहे. ते फिरवलं की मागच्या चाकांबरोबर पुढची चाकंही जोर लावतात आणि चार चाकांवर गाडी चिखलातून निघते. म्हणजे निघायची.

त्या हिवाळ्यात सुखवती पोटुशी होती. तिची आधीची दोन्ही मुलं पोटातच गेली होती. दुसऱ्या वेळी तिला खाटेवर घालून नाला पार करून आणेपर्यंत उशीर झाला होता. तो उशीर मी डोळ्यांनी पाहिला आहे. या वेळी मी तिला शब्द दिला होता: "तू फोन कर, मैं खुद गाड़ी लेकर आऊँगी, दरवाज़े तक." शब्द माझा होता आणि तो त्या बटणावर टांगला होता.

आणि बटणानं दगा दिला. मावठ्याची पहिली सर पडून गेली होती. तपासणीच्या दिवशी नाल्याच्या काठावर बटण फिरवलं, समोर हिरवा दिवा लागला, आणि गाडी जागच्या जागी मागची चाकं फिरवत बसली. पुढची चाकं ढिम्म. माझ्याबरोबर रामकली दीदी होती, आमची नर्स. ती उतरून बघून आली आणि म्हणाली, "मैडम, आगे वाले तो छुट्टी पर हैं." ट्रॅक्टरनं ओढून काढलं.

अधारतालच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला. "मोटर गई है, मैडम." चाकं जुंपणारी छोटी मोटर बदलली. काही फरक नाही. मग म्हणाला स्विच. स्विच बदललं. मग म्हणाला, "अब तो डिब्बा ही खोलना पड़ेगा, पंद्रह-बीस दिन गाड़ी छोड़ दो." डिब्बा म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी. गाडी सोडून दे! सुखवतीला काय सांगू, बाई, थोडं थांबून घे?

मी तणतणत घरी आले. काका कुंपणापाशी उभेच. सगळं ऐकून म्हणाले, "दिवा लागतो नं?"

"लागतो."

"मग तो मिस्त्री दिव्याचा इलाज करून राहिला आहे. दिव्याची तर तक्रारच नाही. दिवा फक्त एवढंच सांगतो की डिब्ब्यानं आपलं काम केलं. चाकांनी केलं की नाही, हे त्याला काय माहीत?"

मला पटलं. हीच माझी चूक झाली. मी म्हटलं, "काका, तुम्ही बघता का?"

बघता का! त्या रविवारी त्यांनी काय केलं असेल? चारही टायरांना सुतळी गुंडाळून घेर मोजला. सगळी सकाळ! का, तर पुढचे-मागचे टायर लहानमोठे असले तरी खोट येते. टायर सारखे निघाले. "चलो, एक गोष्ट सिद्ध झाली," म्हणाले आणि जेवायला गेले. मी म्हटलं, आणि पुढे? तर म्हणे, "एका दिवशी एकच. थकलेले डोळे खोटं बोलतात." मी घरात येऊन कणीक अशी तिंबली की सासूबाईंनी विचारलं, कोणाला बुकलून राहिली आहेस?

मग मी एका संध्याकाळी स्वतःच कॉलनीच्या पक्क्या रस्त्यावर बटण फिरवून पाहिलं. काका चपला न घालता पळत आले. "बंद कर! आधी बंद कर! पक्क्या सडकेवर चारही चाकं जुंपायची नसतात! वळणावर पुढची-मागची एकमेकांशी भांडतात, दांडे पिळतात. काहून करून राहिली तू असं?" सगळी कॉलनी बाल्कनीत. मी डॉक्टर, पन्नाशीला टेकलेली बाई, आणि हा माणूस मला शाळेतल्या पोरीसारखा रागवत होता.

पुढच्या रविवारी रिकाम्या प्लॉटच्या भुसभुशीत मातीत गाडी नेली. काका चटई अंथरून बाजूला आडवे झाले आणि मला हळूहळू पुढे-मागे करायला लावलं. "दांडा फिरून राहिला आहे!" ते चटईवरून ओरडले. डिब्ब्यातून पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा व्यवस्थित फिरत होता, चाकं मात्र तो जोर घेत नव्हती. म्हणजे डिब्बा ठणठणीत. खोट त्याच्या पुढे. मिस्त्रीला डिब्बा उघडू दिला असता तर माझे तीन आठवडे पाण्यात गेले असते, हे मी मान्य करते. पण लगेच चटई गुंडाळून "आज एवढंच" म्हणाले तेव्हा माझा तोल गेला.

"काका, हा तुमचा कारखाना नाही! इथे ट्रक उभा राहत नाही लाल चिठ्ठी लावून. तिकडे एका बाईचे दिवस भरत आले आहेत. तिचं पोट तुमच्या रविवारची वाट पाहील का? की तिलाही सांगू, एका दिवशी एकच कळ दे?"

काकांनी शर्टाची माती झटकली. चटई बगलेत धरून गेले. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. बहुतेक त्यांना मिक्सर आठवला असावा.

त्या आठवड्यात त्यांच्याकडेही घाई होतीच. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्याला मुलाकडे करायचं ठरलं होतं, तिकिटं निघाली होती. आणि निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी, पावसाची भुरभुर चालू असताना मला अंगणात बॉनेट उघडल्याचा आवाज आला. रविवार नव्हता. मी गॅसवर दूध ठेवलं होतं, खिडकीतून ओरडले, "चहा घेता का?"

थोड्या वेळानं काका स्वयंपाकघराच्या दाराशी आले. हात काळे, चेहरा उतरलेला. "डॉक्टर, जरा बाहेर ये."

त्यांनी मला दाखवलं ते असं. पुढच्या चाकांतली कडी दांड्याशी जुळते ती हवेच्या ओढीनं, आणि ती ओढ एका रबरी नळीतून जाते. ओढ देणारा पंप ब्रेकलाही तोच. ब्रेक चांगले लागत होते, म्हणजे पंप ठीक. म्हणून त्यांनी ती नळी पंपापासून बोटांनी चाचपत नेली. एका जागी बोट थांबलं. नळीचं टोक लोखंडी नळावर बसतं त्याच्या अगदी जवळ एक दोरा आवळला होता. धुळीनं, तेलानं काळा पडलेला. इंजिनच्या गरमीनं रबर मऊ होऊन तिथे चपटं झालं होतं, पार चिकटलं होतं. ओढ पुढे जाणार कशी?

"हा दोरा कुठून आला?" मी म्हटलं.

"दसऱ्याचा आहे."

आमच्या कॉलनीत दसऱ्याला सगळ्या गाड्या धुऊन मैदानात ओळीनं लावतात. झेंडू, हळदकुंकू, नारळ. वडीलधारा म्हणून दोरा बांधायचा मान काकांचा. लोक आरशाला, स्टिअरिंगला बांधतात, ते काकांना पसंत नव्हतं. चालवणाऱ्याच्या हाताला, नजरेला अडचण नको म्हणत. म्हणून ते बॉनेट उघडून आत बांधायचे, कुठेतरी आडबाजूला. इंजिनलाच संरक्षण पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आणि बांधायचे कशी गाठ? दोनदा फिरवून, खालून काढून, दातानं खेचून.

"गाठ माझी आहे," काका म्हणाले. "दुसरं कोणी अशी बांधत नाही. गाडी मी फेल केली, डॉक्टर."

मी अंगणात उभी होते आणि आत दूध उतू जात होतं. त्यांनी दोरा कापून खिशात टाकला असता आणि नळी सडली होती म्हणून सांगितलं असतं, तरी मला काय कळणार होतं? ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण तेव्हा मला हे काही सुचलं नाही. मला फक्त ओढून काढणारा ट्रॅक्टर, बदललेली मोटर, सुतळीनं मोजलेले टायर आणि सुखवतीचं पोट दिसलं. मी त्यांना फडाफडा बोलले. संरक्षण म्हणे! त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग दारात आलेल्या काकूंना म्हणाले, "मुलाच्या खोलीतून पक्कड आणि पाना आण."

काकू हलल्याच नाहीत. "कोणासाठी?"

"मला."

त्यांनी दोरा ब्लेडनं कापला. नळीचा मेलेला तुकडा छाटला. नळीत थोडी ढील होती, ती ओढून चांगलं टोक लोखंडी नळावर पुन्हा बसवलं आणि ते धरून ठेवणारी पट्टी कसली. पाना हातातून दोनदा खाली पडला. जन्मभर दुसऱ्याच्या कामात खोट काढणाऱ्या माणसाला पट्टी कोणत्या बाजूनं कसतात हेही पटकन आठवेना. मला हसूही येऊन राहिलं होतं आणि रडूही.

"झालं?" मी विचारलं.

"ते मी नाही सांगू शकत. आता मी हात लावला आहे."

"मग कोण सांगणार?"

तेवढ्यात फोन वाजला. सरईटोल्याहून सुखवतीच्या सासूचा. पाणी गेलं होतं, कळा सुरू झाल्या होत्या. मी पिशवी उचलून गाडीत बसेपर्यंत काका शेजारच्या सीटवर बसलेले. काकू भिजत कुंपणापर्यंत आल्या: "अहो, उद्या पहाटेची गाडी आहे! सामान कोण बांधेल?" काका म्हणाले, "तूच बांध, मी खोट काढत बसेन." वाटेत दवाखान्यातून रामकली दीदीला घेतलं.

नाल्यावर पोचलो तर काठ तुपासारखे. काका उतरले. "मी इथेच कडेला उभा राहून पुढची चाकं पाहतो. चालली तर हात हलवतो. आणि एक लक्षात ठेव, चिखलात थांबायचं नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही. थांबली की रुतली." बटण फिरवलं. हिरवा दिवा लागला. त्याच्यावर आता कोणाचा विश्वास? गाडी पाण्यात घातली. पलीकडच्या काठाला नाक लागलं, मागची चाकं घसरली, आणि मग पुढून कोणीतरी धरून खेचावं तशी गाडी वर चढली. आरशात काका हात हलवत होते. मी थांबले नाही.

सुखवतीला मागची सीट पाडून आडवं केलं. तिची सासू तिच्या उशाशी, रामकली पायाशी. येताना पाणी वाढलं होतं. नाला ओलांडून या काठावर चढले तेव्हा काका रस्त्याच्या कडेला पिंडऱ्यांपर्यंत चिखलात, छत्री कुठे गेली कोण जाणे. दोन्ही हातांनी "चल, चल" करत होते. त्यांना घ्यायला थांबले असते तर गाडी रुतली असती, डांबरी येईपर्यंत सगळा चिखलच. मी शिव्या देत पुढे गेले. कोणाला देत होते मलाच ठाऊक नाही.

मागून सुखवती कण्हत म्हणाली, "वो बाबा छूट गए."

"तू अपना देख," मी म्हटलं.

दिवस कलताना सुखवतीला मुलगी झाली. जरा निळी होती, मग रडली, आणि अशी रडली की वॉर्डातल्या बाकीच्या बायका हसायला लागल्या. रामकलीनं तिला सुखवतीच्या छातीवर ठेवलं. सुखवतीनं आधी तिची बोटं मोजली, मग पुन्हा मोजली. मी हात धुतले आणि काकूंना फोन लावला. काका कोणातरी दूधवाल्याबरोबर केव्हाच घरी पोचले असतील असं मी धरून चालले होते.

"काकू, मुलगी झाली! काकांना सांगा."

"अगं, तुझ्यासोबत आहेत नं ते?"

मी तशीच चप्पल अडकवून धावले आणि त्यांना आणायला गाडी काढली. आता सांगते, त्या संध्याकाळनंतर काका मला दिसले नाहीत. दुसऱ्या पहाटेच ते दोघं पुण्याला गेले, मी तेव्हा वॉर्डात होते. काकूंचा गुडघा बरा झाला. काका उन्हाळ्यात गेले, झोपेत. तेव्हा मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या संध्याकाळी, अधारतालच्या मोठ्या रस्त्यावर, ट्रकांच्या गर्दीत.

समोरून एक दूधवाला मोटरसायकलवर येत होता. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, आणि मधे, त्याच्या पाठीला चिकटून, चिखलानं माखलेले काका. अंगावर कोणाचं तरी पोतं पांघरलेलं. थांबायला जागाच नव्हती, मागून हॉर्न. त्यांनी माझी गाडी ओळखली. पण गाडीकडे पाहिलं नाही हो त्यांनी, चाकांकडे तर नाहीच. माझ्या तोंडाकडे पाहत हनुवटी उडवून विचारलं: काय झालं?

मी खिडकीतून अर्धी बाहेर आले आणि भर रस्त्यात ओरडले, "मुलगी झाली, काका! जिवंत आहे! दोघी जिवंत आहेत!"

काकांनी दूधवाल्याला धरलेले दोन्ही हात सोडले आणि वर केले, पार आभाळाकडे. मोटरसायकल हेलकावली, कॅन खणखणले, आणि तो दूधवाला घाबरून मागे मान वळवून ओरडला, "अरे बाबा, मारोगे क्या! पकड़ के बैठो!" पण त्यांनी हात काही खाली घेतले नाहीत.